अज्ञात वाहन कुणाचं असतं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. ज्यांच्या घरात कुणी ड्रायव्हर आहे, ज्यांचे ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअप रोज रस्त्यावर असतात, ज्यांच्या पोरांनी नुकतीच गाडी हातात घेतलीय, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचा. गळीत हंगाम तोंडावर आलाय. पुढचे चार-पाच महिने आपल्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ऊसतोड मजुरांच्या गाड्या, कामावरून परतणारे दुचाकीवाले, सगळे एकाच अंधारात चालणार आहेत. अपघात होऊ नयेत म्हणून काय करावं, यावर दरवर्षी भाषणं होतात, रिफ्लेक्टर वाटले जातात, फोटो निघतात. अपघात झाल्यावर गाडी चालवणाऱ्याने काय करायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही. आज तेवढंच लिहितोय.

'अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार.' ही ओळ तुम्ही पेपरात इतक्या वेळा वाचलीय की आता त्यावर नजर थांबतसुद्धा नाही. पण जरा विचार करा. वाहन अज्ञात कसं असेल? त्याला नंबर असतो, आरसी बुकावर मालकाचं नाव असतं, स्टिअरिंगवर एक जिवंत माणूस बसलेला असतो. धडक बसली हे त्याला कळलेलं असतं. अज्ञात असतं ते फक्त तुमच्या-आमच्यासाठी आणि ज्याचं माणूस गेलं त्या घरासाठी.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. आणि देशभरातल्या त्या मृत्यूंपैकी ३० हजारांहून जास्त मृत्यू 'हिट अँड रन' प्रकारातले, म्हणजे धडक देणारा निघून गेलेला. यातले किती जण वेळेत दवाखान्यात पोहोचले असते तर वाचले असते, हे कुणी मोजत नाही. पण अपघातानंतरचा पहिला तास किती मोलाचा असतो, हे कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारा. आता तर मोटार वाहन कायद्यातच त्या तासाला 'गोल्डन अवर' म्हणून जागा दिली आहे. त्या तासात जखमी माणसाच्या सगळ्यात जवळ कोण असतं? बहुतेक वेळा धडक देणाराच.

मग तो पळतो का? तो राक्षस असतो म्हणून? मला नाही वाटत.

मध्यंतरी बायपासच्या चहाच्या टपरीवर एका ट्रकचालकाला सरळ विचारलं, "दादा, समजा उद्या गाडीखाली कुणी आलं, तर काय करणार?" तो म्हणाला, "साहेब, गाडी सोडून पळणार. पब्लिक काय विचारतंय व्हय, चूक कुणाची म्हणून? मोठ्या गाडीचीच चूक असती." मी म्हटलं, "आणि पडलेला माणूस?" त्याने ग्लास खाली ठेवला. "त्यालाबी घर असतंय, म्हाईत हाय की मला. पण मलाबी दोन पोरी हायेत."

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जमावाने ड्रायव्हरला मारल्याच्या, गाडी पेटवल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यात येतात. पण एक गोष्ट त्या ड्रायव्हरला कुणी सांगितलेली नव्हती, आणि मला खात्री आहे, तुमच्यापैकीही बहुतेकांना माहीत नसेल. ती भीती कायद्यालाही माहीत आहे. कायद्याने ती चक्क लिहून ठेवली आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४. साध्या मराठीत सांगतो. तुमच्या गाडीमुळे कुणी जखमी झालं, तर त्याला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात पोहोचवण्यासाठी शक्य ते सगळं करायचं. मात्र जमावाच्या उद्रेकामुळे किंवा हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्य नसेल, तर ही सक्ती नाही. पोलिसांनी विचारलेली माहिती द्यायची. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, आणि काहीही झालं तरी २४ तासांच्या आत, जाऊन काय घडलं ते सांगायचं. आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं.

म्हणजे बघा, जीव धोक्यात असेल तर जागा सोडायची मुभा कायद्यानेच दिली आहे. जागा सोडून गायब व्हायची मुभा दिलेली नाही. निघून जाणं आणि पळून जाणं यात फरक आहे, आणि तो फरक एका फोनचा आणि पोलीस ठाण्यापर्यंतच्या पाच-दहा किलोमीटरचा आहे. जो चालक १०८ ला फोन करून, जमाव अंगावर येतोय म्हणून गाडी सोडून सरळ ठाण्यात जाऊन बसला, त्याने कायदा पाळला. जो मालकाला फोन करून शेतातल्या वाटेने नातेवाइकांकडे जाऊन लपला, त्याने मोडला. हे कलम मोडल्याबद्दल कलम १८७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय मूळ अपघाताचा गुन्हा वेगळाच.

आता काही जण म्हणतील, "साहेब, ते दहा वर्षं शिक्षेचं काय?" जानेवारी २०२४ आठवा. ड्रायव्हर लोकांनी चाकं थांबवली होती, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर 'दहा वर्षं जेल आणि सात लाख दंड' असं फिरत होतं. खरं काय ते ऐका. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ चं दुसरं पोटकलम आहे. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते म्हणतं. सात लाखांचा आकडा त्यात कुठेही नाही. आणि संपानंतर सरकारने हे पोटकलम थांबवून ठेवलं. १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते लागू झालं नाही.

पण त्या पोटकलमातले शब्द नीट वाचा. तिथेही राग थांबला नाही म्हणून नाही, कळवलं नाही म्हणून आहे. उद्या ते लागू झालं तरी ज्याने पोलिसांना लगेच कळवलं, त्याच्यावर ते लागणार नाही. त्याला पहिलं पोटकलम लागेल. हयगयीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा जामीनपात्र. जामीनपात्र म्हणजे जामीन हा हक्क आहे. दारू पिऊन चालवत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकतं आणि लागलंच पाहिजे. पण शुद्धीत असलेल्या, लायसन्स असलेल्या ड्रायव्हरला 'थांबलास तर आयुष्य जेलात जाईल' असं जे सांगितलं जातं, ते खरं नाही.

दुसरी भीती पैशाची. "भरपाई कुठून देऊ साहेब, घर विकावं लागेल." अहो, थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय तो यासाठीच. विमा चालू असेल, लायसन्स बरोबर असेल, तर मृताच्या किंवा जखमीच्या घरच्यांना जी भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवतं, ती विमा कंपनी भरते. विमा संपलेला असेल तर मालकाच्या घरावर येतं. लायसन्स नसेल तर कंपनी आधी भरून नंतर मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे दोनशे रुपये वाचवायला रिन्यू न केलेला कागद आणि बिनलायसन्सचा पोऱ्या, ही पळून जाण्याची खरी कारणं बऱ्याचदा असतात. जमाव नुसता तोंडी लावायला.

आणि आता त्या घराचा विचार करा. गाडी सापडली तर न्यायाधिकरण मृताचं वय, कमाई, मागे राहिलेली माणसं बघून भरपाई ठरवतं. कमावता तरुण गेला असेल तर ती रक्कम कितीतरी लाखांत जाते. गाडी सापडली नाही तर? 'हिट अँड रन' योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. १ एप्रिल २०२२ पासूनचे हे आकडे आहेत, त्याआधी तर २५ हजार आणि साडेबारा हजार होते. तेही महसूल उपविभागातल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कचेरीकडे, अर्ज केला तर. किती कुटुंबांना हे माहीत असतं? पळालेला चालक त्या घरातला माणूसही नेतो आणि त्या घराचा हक्कही नेतो. पोरांच्या शिक्षणाचे, म्हाताऱ्या आईच्या औषधाचे ते पैसे असतात.

तर मग करायचं काय? क्रमाने सांगतो. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. थांबा. ब्रेक मारून मधोमध नाही, पण थांबा. इंजिन बंद, चारी इंडिकेटर चालू. रात्र असेल तर मागून येणाऱ्याला लांबूनच कळेल असं काहीतरी मागे शंभरेक पावलांवर ठेवा. त्रिकोणी रिफ्लेक्टर गाडीत असायलाच पाहिजे. नसेल तर कुणाला तरी मोबाईलची बॅटरी लावून, रस्त्याच्या कडेला सुरक्षित अंतरावर उभं करा. आपल्याकडे दगड आणि फांद्या लावतात, आणि नंतर गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात. त्या दगडाला धडकून दुसरा पडतो. लावले तर काढूनही ठेवा.

२. पहिला फोन १०८, दुसरा ११२, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. मालकाला फोन चौथा. मी मुद्दाम क्रमांक देतोय, कारण आपल्याकडे पहिला फोन मालकालाच जातो. फोनवर ठिकाण नीट सांगा. 'पुलाच्या अलीकडं' याचा अर्थ रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला लागत नाही. किलोमीटरचा दगड कोणता, जवळचं गाव कोणतं, गाडी कुठून कुठे चालली होती, जखमी किती, कुणी गाडीत अडकलंय का, एवढं सांगा. फोन चालू ठेवा, ते परत लावतात.

३. जखमीला हात लावण्याआधी दोन मिनिटं डोकं शांत ठेवा. पाणी पाजू नका. आपल्याकडे पहिली ओरड 'पाणी आणा' हीच असते. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात पाणी गेलं तर ते श्वासनलिकेत उतरतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, टॉवेल, जे असेल ते जखमेवर घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. हेल्मेट ओढून काढू नका, मान वळवू नका. श्वासच अडकत असेल तर गोष्ट वेगळी. हात-पाय धरून उचलून रिक्षात कोंबू नका, त्याने मणक्याचं नुकसान होतं. गाडीला आग लागलीय किंवा भर रस्त्यात दुसरी गाडी अंगावर येण्याचा धोका आहे, तरच लगेच हलवा. रुग्णवाहिका येणारच नसेल किंवा फार उशीर लागणार असेल, तर पाठीमागे सपाट जागा असलेली गाडी बघा, तीन-चार जणांनी डोकं, मान, पाठ एका रेषेत धरून उचला, आणि न्या. जवळचा दवाखाना कोणता ते १०८ ला किंवा ११२ ला विचारा.

४. दवाखान्याने 'आधी पोलीस केस करा', 'आधी डिपॉझिट भरा' असं म्हटलं तर? कायदा तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय की, जीव वाचवणं आधी, कागद नंतर. कलम १३४ मध्येही डॉक्टरांवर हीच जबाबदारी आहे. शिवाय मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयात प्रत्येक जखमीला दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवस उपचार. त्यासाठी पोलिसांकडे अपघाताची नोंद लागते. म्हणजे तुम्ही पोलिसांना कळवलं नाही, तर जखमीचा हाही आधार अडतो.

५. जखमी मार्गी लागला की फोटो. दोन्ही गाड्यांचे नंबर, गाड्या कशा उभ्या आहेत, ब्रेकचे व्रण, खड्डा, वळण, बंद दिवा, बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली, रस्त्यावरचा फलक. चूक तुमची नसेल तर तेच तुमच्या कामी येईल. तुमची असेल तरी फोटो काढा, खोटं बोलून ते टिकणार नाही. डॅशकॅम असेल तर त्याचं कार्ड काढून सांभाळून ठेवा. कुणी पाहिलं असेल आणि स्वतःहून सांगायला तयार असेल, तर नंबर घ्या. जखमीचे किंवा मृताचे फोटो मात्र काढू नका आणि ग्रुपवर तर टाकूच नका. घरच्यांना आपला माणूस गेल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवरून कळतं, हे मी बघितलंय.

६. पोलीस येईपर्यंत गाडी हलवू नका. नुसता पत्रा चेपला असेल, कुणाला काही लागलं नसेल, तर मात्र फोटो काढून गाड्या कडेला घ्या. भर रस्त्यात हुज्जत घालत उभं राहिल्याने तिसरा अपघात होतो. जमाव हिंसक होतोय असं दिसलं, तर गाडीची चावी काढून, शक्य झालं तर एखाद्या जाणत्या माणसाला 'मी ठाण्यात चाललोय' असं सांगून निघा. ११२ ला परत फोन लावा आणि 'माझ्या जिवाला धोका आहे, मी अमुक ठाण्यात जातोय' असं सांगा. त्या कॉलची नोंद राहते. तीच उद्या कोर्टात तुम्हाला उपयोगी पडेल.

७. ठाण्यात गेल्यावर जे घडलं ते सांगा. 'आमच्या हद्दीत नाही' असं उत्तर मिळालं तर नम्रपणे सांगा की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. नोंदीचा क्रमांक मागून घ्या. वैद्यकीय तपासणीला नाही म्हणू नका. प्यायला नसाल तर तो कागद तुमच्याच फायद्याचा आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका.

८. विमा कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, जखमी किंवा मृतांचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील. सर्व्हेअरने बघण्याआधी गाडी गॅरेजला खोलू नका.

९. जागेवरची तडजोड. पत्रा चेपला, आरसा फुटला, आपसात मिटवा, हरकत नाही. माणसाला लागलंय तिथे पाच हजार देऊन 'आमची तक्रार नाही' असं लिहून घेणं म्हणजे स्वतःला फसवणं. डोक्याला बसलेला मार कधी कधी काही तासांनी दिसतो. उठून चालत घरी गेलेला माणूस रात्री कोसळतो. मग तुमचा तो कागद कुणी विचारत नाही.

हे झालं चालकाचं. आता मालकांना दोन शब्द. रागावलात तरी चालेल.

पहिला फोन तुम्हाला येतो. त्या वेळी तुम्ही काय बोलता, यावर एक जीव अवलंबून असतो. 'गाडी सोड आणि नीघ' असं सांगणारे मालक आपल्या तालुक्यात आहेत, तुम्हालाही माहीत आहे, मलाही. 'ड्रायव्हर बदलू' हा तर धंद्यातला रुळलेला शब्द झालाय. बिनलायसन्सचा पोऱ्या चालवत होता, ठाण्यात दुसराच हजर होतो. कायद्याने मालकाला चालकाचं नाव आणि लायसन्स सांगावंच लागतं, कलम १३३. खोटा माणूस उभा करणं हा वेगळा फौजदारी गुन्हा आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. आधी तीनशे शब्दांच्या निबंधाची चर्चा, मग रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, आणि घरच्या ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून दबाव आणल्याचा आरोप कुटुंबीयांवर. एवढा पैसा असूनही लपलं नाही. आता टोल नाक्यावर कॅमेरा आहे, फास्टॅगची नोंद आहे, ढाब्यावर, पंपावर, दुकानावर सीसीटीव्ही आहे.

पालकांनो, तुम्हीही मालकच आहात. सोळा वर्षांच्या पोराला बुलेट देता, आणि त्याने एखाद्या म्हातारीला उडवलं की तो घाबरून पळतो, कारण लायसन्स नाही. 'अज्ञात वाहन' नेहमी दहा चाकीच असतं असं नाही. कलम १९९ अ वाचा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

आणि आता आपण सगळे. कारण चालकाला पळायला लावणारी भीती आपण तयार केलेली आहे.

पाच मिनिटांत शंभर माणूस जमतं. त्यातली नव्वद मोबाईल वर धरून, आठ-दहा ड्रायव्हरच्या कॉलरला. जखमीजवळ बसलेले किती? टेम्पो उलटला तर माल उचलायला जमलेली गर्दी वेगळीच. ड्रायव्हरला मारून त्या जखमीचा एक थेंब रक्त वाचत नाही. उलट ती मारहाण बघितलेला, ऐकलेला प्रत्येक ड्रायव्हर पुढच्या वेळी थांबत नाही. आज गावाने एकाला मारलं, त्याची किंमत पुढच्या महिन्यात त्याच गावचा कुणीतरी रस्त्यावर एकटा पडून देतो. राग येणारच. स्पीडब्रेकरसाठी वर्षानुवर्षं निवेदनं देऊन काही झालं नाही, त्याचा राग खराच आहे. पण तो राग काढायची जागा बांधकाम विभागाचं ऑफिस आहे. हात जोडलेला ड्रायव्हर नव्हे.

दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर ट्रकच्या धडकेत एका माणसाची बायको गेली. तो मदतीसाठी हात करत राहिला, कुणी थांबलं नाही. शेवटी तिचा मृतदेह दुचाकीला बांधून तो निघाला. व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला, हळहळलो. त्या ट्रकचालकालाही पोलिसांनी नंतर सीसीटीव्हीवरून शोधून काढलंच. पण त्या रस्त्याने गेलेल्या बाकीच्या गाड्यांचं काय? ते 'अज्ञात' नव्हते, ते आपल्यासारखेच 'नको ती भानगड' म्हणणारे होते.

भानगड आता राहिलेली नाही, हेही माहीत असू द्या. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम १३४ अ म्हणून कायद्यात आलं. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखाना त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही. हे हक्क मराठीत लिहून दवाखान्याच्या दारात लावणं बंधनकारक आहे. आपल्या गावातल्या किती दवाखान्यांत तो फलक दिसतो? उद्या जाल तेव्हा बघा, नसेल तर विचारा.

माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी होण्यासारख्या आहेत. कारखान्यांनी ऊस वाहतुकीचे करार करताना विमा आणि लायसन्स तपासावं, आणि प्रत्येक ट्रॅक्टरच्या मडगार्डवर १०८, ११२ आणि विमा कंपनीचा नंबर असलेलं स्टिकर लावावं. पोलीस ठाण्याने वाहतूकदारांची एक बैठक घेऊन जाहीर सांगावं की अपघातानंतर स्वतःहून येणाऱ्या चालकाला इथे सुरक्षित बसवलं जाईल, कायद्याप्रमाणे जामीन मिळेल, आणि ते पाळावं. तपासणीनंतर २४ तासांत गाडी परत द्यायची असं कलम १३६ म्हणतं. गाडी महिना-महिना ठाण्याच्या आवारात गंजत राहणार असेल, तर कोण स्वतःहून येईल? महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींनी पाच-सात पोरांना प्रथमोपचार शिकवून ठेवावेत, ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर दोन तास नक्की देतील.

ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहेत त्यांनी आज संध्याकाळी त्यांना बोलावून एवढंच सांगावं: "काही झालं तर थांब, आधी १०८ लाव, मग ठाण्यात जा. मी वकील बघतो, पगार कापणार नाही." हे वाक्य मालकाच्या तोंडून ऐकलेला ड्रायव्हर पळायच्या आधी विचार करेल.

पोस्ट पटली तर ड्रायव्हर मंडळींच्या ग्रुपवर टाका, वाहतूकदार संघटनेला पाठवा. पटली नाही तर खाली लिहा, वाद घाला, मी उत्तर देईन. आणि ज्यांच्या घरचं माणूस 'अज्ञात वाहना'ने गेलंय आणि ज्यांनी दोन लाखांच्या योजनेचा अर्ज अजून केलेला नाही, त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. अर्ज कसा आणि कुठे करायचा ते बसून सांगतो, त्याचे पैसे लागत नाहीत.